मिनिटाला 280 शब्द : कोर्टातल्या स्टेनोंच्या अधिवेशनाची गोष्ट

आजचा भाग सुरू करायच्या आधी एक काम करा. ॲपमध्ये वेग बदलायचं बटण असतं ना, तिथे 1.75 करा. मी साधारण मिनिटाला 160 शब्दांच्या आसपास बोलतो, म्हणजे आता तुम्हाला मी 280 च्या वेगाने ऐकू येतोय. (हे वाचणाऱ्यांनी मनातल्या मनात घाई करा.) समजतंय, पण जरा धाप लागते की नाही?

आता असं धरा की हे सगळं तुम्हाला लिहून घ्यायचंय. शब्दन् शब्द. एक माणूस प्रश्न विचारतोय, दुसरा उत्तर देतोय, मध्येच वाक्य तुटतंय, कुणी 'हां' म्हणतंय, कुणी 'नाही हो' म्हणतंय, तेही लिहायचंय. सलग पाच मिनिटं. एकूण 1400 शब्द. त्यातले 70 चुकले तर चालतील, 71 वा चुकला की बाद.

ही गंमत म्हणून काढलेली स्पर्धा नाही. अमेरिकेत कोर्ट रिपोर्टर मंडळींची राष्ट्रीय संघटना आहे, नॅशनल कोर्ट रिपोर्टर्स असोसिएशन. तिच्या वार्षिक अधिवेशनातला हा सगळ्यात मानाचा कार्यक्रम. तीन फेऱ्या असतात. पहिली भाषणासारख्या मजकुराची, 220 शब्दांच्या वेगाने. दुसरी कायद्याच्या मजकुराची, 230 ने. आणि तिसरी ही प्रश्नोत्तरांची, 280 ने.

कोर्ट रिपोर्टर म्हणजे कोर्टाच्या बातम्या देणारा पत्रकार नाही हं. सुनावणी चालू असताना जो बसून प्रत्येक शब्द टिपतो, तो. आपल्या भाषेत कोर्टाचा लघुलेखक, किंवा सरळ 'स्टेनो'. हॉलिवूडच्या सिनेमात कोर्टाचा सीन असला की न्यायाधीशाच्या खालच्या बाजूला एक बाई छोट्याशा यंत्रावर बोटं चालवत बसलेली दिसते. तिला संवाद नसतो. आजचा भाग तिच्यावर.

तिच्या कामाचं वजन कशात आहे ते आधी सांगतो. तिकडे अपील झालं की वरचं कोर्ट साक्षीदारांना पुन्हा बोलावत नाही. वरचे न्यायाधीश वाचतात तो कागद, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट. एखादा माणूस 20 वर्षं तुरुंगात राहणार की सुटणार, याचा कस त्या कागदावर लागतो. साक्षीदार काय बोलला होता याला तेव्हा फारसा अर्थ उरत नाही, कागदावर काय आलंय याला अर्थ असतो.

तर, संघटना स्थापन झाली 1899 मध्ये, शिकागोत. तेव्हा नाव होतं नॅशनल शॉर्टहँड रिपोर्टर्स असोसिएशन, आजचं नाव 1991 मध्ये आलं. अधिवेशनाचं स्वरूप आपल्या साहित्य संमेलनासारखंच समजा. अध्यक्ष, ठराव, भांडणं, जेवणावळी. फक्त पुस्तकांच्या जागी यंत्रांचे आणि सॉफ्टवेअरचे स्टॉल. आणि 1909 पासून ही वेगाची स्पर्धा.

सुरुवातीला सगळा खेळ पेनाचा. एका बाजूला पिटमन. आयझॅक पिटमनने 1837 मध्ये इंग्लंडमध्ये काढलेली पद्धत, ज्यात रेघ बारीक की जाड यावरून अक्षर बदलतं. दुसऱ्या बाजूला जॉन रॉबर्ट ग्रेगची 1888 ची पद्धत, त्यात जाड-बारीक नाही, नुसती वळणं. तालुक्याच्या गावी बसस्टँडजवळ 'टायपिंग व शॉर्टहँड' अशी पाटी असलेला क्लास तुम्ही पाहिला असेल. तिथले मास्तर शिकवतात ते याच घराण्यातलं. आणि हो, वेगाने लिहायची निकड आपल्याकडेही होतीच. लेखणी न उचलता लिहायची मोडी त्यातूनच वापरात राहिली.

पिटमनवाले आणि ग्रेगवाले यांची खुन्नस अँड्रॉइड आणि आयफोनवाल्यांपेक्षा कमी नव्हती. आपलीच पद्धत कशी भारी हे दाखवायचं मैदान म्हणजे अधिवेशन. पण दोघांनाही तिसरीकडून धक्का बसला. वॉर्ड स्टोन आयर्लंड नावाच्या कोर्ट रिपोर्टरने 1910 नंतरच्या दोन-तीन वर्षांत एक यंत्र बनवलं, स्टेनोटाइप. आणि 1914 च्या स्पर्धेत या यंत्रावर शिकलेली विद्यार्थी मंडळी उतरली. मिसरूड न फुटलेली पोरं, आणि त्यांनी मुरलेल्या पेनवाल्यांना मागे टाकलं. वीस-वीस वर्षं कोर्टात घासलेल्या माणसांचे चेहरे कसे झाले असतील, विचार करा.

मला इथे थांबून ते यंत्र समजावून सांगायचंय, कारण इंजिनियर म्हणून मला त्याचं वेड आहे.

आपला कीबोर्ड एका वेळी एक अक्षर घेतो. 'कॅट' लिहायला तीन वेळा बोट मारावं लागतं. स्टेनोटाइपला जेमतेम वीस-बावीस बटणं असतात आणि ती एकत्र दाबायची असतात, पेटीवर तीन-चार सूर एकदम धरतात तशी. डावा हात शब्दाच्या सुरुवातीची व्यंजनं दाबतो, दोन्ही अंगठे स्वर दाबतात, उजवा हात शेवटची व्यंजनं. सगळं मिळून एक ठोका. एक ठोका म्हणजे एक उच्चार. बटणं कमी म्हणून काही अक्षरांना स्वतःचं बटणच नाही. दोन-तीन शेजारची बटणं मिळून ते अक्षर होतं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, अरे, हे तर आपलं जोडाक्षर! 'स्त्री' मध्ये स, त, र आणि ई असे चार आवाज आहेत, पण आपण ते एकच अक्षर मानतो. रोमन लिपी सुटी सुटी अक्षरं मोजते, देवनागरी उच्चार मोजते. आयर्लंडचं यंत्र नकळत देवनागरीच्या जवळ गेलं होतं.

तुम्हाला करून बघायचं असेल तर 'प्लोव्हर' नावाचं मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. 2010 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या मिराबाई नाइट आणि जॉश लिफ्टन यांनी ते सुरू केलं. (नाव मिराबाई आहे, पण बाई तिकडच्याच. कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी वर्गातलं बोलणं जागच्या जागी लिहून दाखवायचं काम त्या करत.) व्यावसायिक स्टेनो यंत्र आणि सॉफ्टवेअर घ्यायचं तर हजारो डॉलर जातात, म्हणून त्यांनी हे पायथनमध्ये फुकट उपलब्ध करून दिलं. एकदम अनेक बटणं ओळखणारा गेमिंग कीबोर्ड असला की झालं. मी चार महिने रोज अर्धा तास बसलो. माझा वेग मिनिटाला 40 शब्द. साध्या कीबोर्डवर मी 75 ने टाइप करतो. किमान प्रमाणपत्रासाठी अमेरिकेत 225 च्या वेगाने प्रश्नोत्तरं घ्यावी लागतात, तीही 95 टक्के अचूक. यावरून अंदाज करा. बहुतेक विद्यार्थी हा कोर्स मध्येच सोडतात, त्याचं मला अजिबात आश्चर्य वाटत नाही.

परत 1914 ला येऊ. यंत्र जिंकलं, मग पेन संपलं असं तुम्हाला वाटेल. तसं झालं नाही. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत आयर्लंडची कंपनी बुडाली. आणि 1920 चं दशक पेनवाल्यांनी गाजवलं. नेथन बेहरिन हा न्यूयॉर्कचा पिटमनवाला. डिसेंबर 1922 मध्ये त्याने दोन मिनिटांच्या चाचणीत मिनिटाला 350 शब्द घेतले, चुका फक्त दोन. पाच मिनिटांच्या चाचणीत 300. हातात पेन घेऊन! ग्रेगवाल्यांनी 1921 मध्ये अल्बर्ट श्नायडरच्या रूपाने विजेतेपद मिळवलं. पुढे 1923 आणि 1924 मध्ये चार्ल्स स्वेम जिंकला. हा राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सनचा स्टेनो, विल्सनची भाषणं त्यानेच टिपलेली. आणि 1925 ते 1927 सलग तीन वर्षं मार्टिन डुप्रॉ.

त्यानंतर स्पर्धा बंद पडली आणि 1952 मध्ये परत सुरू झाली. तोपर्यंत मैदानाबाहेर निकाल लागून गेला होता. 1938 पासून शिकागोत पुन्हा स्टेनो यंत्रं बनू लागली होती आणि कोर्टाकोर्टांत शिरली होती. म्हणजे बघा, यंत्राने स्पर्धा जिंकली तेव्हा बाजार हरला, आणि पेनाने स्पर्धा जिंकल्या तेव्हा कोर्ट गमावली. कारण साधं आहे. बेहरिन लाखात एक होता. कोर्टांना लाखात एक माणूस परवडत नाही, त्यांना हजारो बऱ्यापैकी माणसं लागतात. यंत्रावर बऱ्यापैकी माणूस तयार करता येत होता.

पुढचं मी भराभर सांगतो. 1940 च्या दशकात होरेस वेब नावाच्या रिपोर्टरने तोंडाला मास्कसारखा माइक लावून, ऐकलेलं सगळं पुटपुटत स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करायची पद्धत काढली. यांना 'व्हॉइस रायटर' म्हणतात. यंत्रवाल्यांनी त्यांना कित्येक दशकं आपल्या पंगतीला बसू दिलं नाही, अगदी अलीकडे संघटनेची दारं त्यांना उघडली. अलास्का राज्याने 1960 पासूनच कोर्टात टेपरेकॉर्डर बसवले. 1970 नंतर कॉम्प्युटर आला, ठोक्यांचं इंग्रजी आपोआप होऊ लागलं. त्यातूनच टीव्हीवरची लाइव्ह कॅप्शन निघाली. 1982 चा ऑस्कर सोहळा मार्टिन ब्लॉक या कोर्ट रिपोर्टरने असा लाइव्ह लिहिला. आणि 30 जुलै 2004 ला, याच अधिवेशनात, शिकागोतच, मार्क किसलिंगबरीने एका मिनिटात 360 शब्द 97.23 टक्के अचूक घेतले. सेकंदाला सहा शब्द. गिनीज बुकात नोंद झाली.

पण त्यानंतर दहा वर्षांतच संघटनेने करून घेतलेल्या एका अहवालाने सांगितलं की 2018 पर्यंत साडेपाच हजार कोर्ट रिपोर्टरांची कमतरता पडेल. जुने निवृत्त होतायत, शाळा बंद पडतायत. आता अधिवेशनातली चर्चा याच्याभोवती फिरते. आणि अर्थातच एआयभोवती.

इथे माझा संबंध येतो. माझं रोजचं काम बोलणं ऐकून मजकूर करणाऱ्या मॉडेल्सशी आहे. आमच्या धंद्यात अचूकता मोजायचं एक माप असतं, वर्ड एरर रेट. शब्द गाळला ती एक चूक, जास्तीचा घातला ती एक, बदलला ती एक. एकूण चुका भागिले शब्द. मी अधिवेशनातल्या स्पर्धेचे नियम वाचले तर चुका मोजायची रीत जवळजवळ तीच! आम्हाला वाटतं आम्ही काहीतरी आधुनिक करतोय. शॉर्टहँडवाले शंभर वर्षांपूर्वी लाल पेनने तेच करत होते.

2016 मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की फोनवरच्या गप्पांच्या एका प्रसिद्ध संचावर त्यांची प्रणाली 5.9 टक्के चुका करते, म्हणजे व्यावसायिक माणसांइतक्याच. पुढच्या वर्षी 5.1. बघा, अधिवेशनाची पात्रतेची रेषा 95 टक्के, म्हणजे 5 टक्के चुका. यंत्र पुन्हा एकदा 1914 सारखं दारात येऊन उभं राहिलं.

मग विषय संपला? नाही. कारण प्रश्न वेगळीकडेच होता आणि तो दाखवून दिला भाषाशास्त्रज्ञांनी.

2019 मध्ये 'लँग्वेज' या नियतकालिकात एक अभ्यास आला. फिलाडेल्फियाच्या 27 कोर्ट रिपोर्टरांना कृष्णवर्णीय लोकांच्या बोलीतली वाक्यं ऐकवली आणि लिहायला सांगितली. हे सगळे काम करणारे, 95 टक्क्यांच्या कसोटीतून गेलेले लोक. पूर्ण वाक्य बरोबर येण्याचं सरासरी प्रमाण आलं 59.5 टक्के. दर पाच वाक्यांत दोन चुकीची! आणि चुका स्पेलिंगच्या नव्हत्या. 'तो सहसा त्या भागात नसतो' अशा अर्थाचं वाक्य कुणी 'आम्ही या भागात असणार' असं लिहिलं. खुनाच्या खटल्यात हे वाक्य कुठून कुठे जाईल, सांगा.

पुढच्याच वर्षी पाच मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणा तपासल्या गेल्या. गोऱ्या लोकांच्या बोलण्यात दर शंभर शब्दांमागे सरासरी 19 चुका, कृष्णवर्णीय लोकांच्या बोलण्यात 35. माणूस असो वा यंत्र, एकाच ठिकाणी अडखळलं.

हे कळल्यावर मी त्या 280 च्या स्पर्धेकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. तिथे मजकूर आधीच लिहून ठेवलेला असतो. वाचणारा कसलेला असतो, घड्याळ लावून एका लयीत, स्वच्छ उच्चारांत वाचतो. शंभराहून जास्त वर्षं अधिवेशनाने फार काटेकोरपणे एकच गोष्ट मोजली, वेग. बोलणारा कोण, कुठला, रडतोय की घाबरलाय, हे त्या मापात कधी बसलंच नाही. आणि आम्ही सॉफ्टवेअरवाल्यांनी तेच माप जसंच्या तसं उचललं. मला ती स्पर्धा आजही थरारक वाटते, किसलिंगबरीचा विक्रम वाचून अंगावर काटा येतो. पण साक्षीदार कधी 280 च्या लयीत बोलत नाही. तो थांबतो, अडतो, आपल्या बोलीत बोलतो.

मी मागे उत्सुकता म्हणून आमच्या मराठी मॉडेलला एक वऱ्हाडी वाक्य ऐकवलं, 'मले ठाव नाई'. त्याने लिहिलं, 'मेले ठाव नाही'. ऑफिसात सगळे हसले. मीही हसलो. मग मनात आलं, हे फौजदारी कोर्टात झालं असतं तर?

आता आपल्याकडे बघू, कारण आपल्या कोर्टांत हा सगळा इतिहास घडलाच नाही. आपल्याकडे लघुलेखक आहेत. महाराष्ट्र सरकारच्या जाहिरातींत तुम्ही वाचलं असेल, निम्नश्रेणी लघुलेखकाला मिनिटाला 100 शब्द, उच्चश्रेणीला 120. पण तो वेग साहेबांच्या तोंडचं डिक्टेशन घ्यायला, साक्षीदाराच्या तोंडचं नाही. खालच्या कोर्टात साक्षीदार बोलतो, न्यायाधीश ते ऐकतात, आणि आपल्या शब्दांत टायपिस्टला सांगतात. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 276 सांगत होतं की साक्ष सर्वसाधारणपणे निवेदनाच्या रूपात उतरवावी. प्रश्नोत्तराच्या रूपात घ्यायची मुभा न्यायाधीशांना आहे, पण ती अपवाद. 1 जुलै 2024 पासून आलेल्या नव्या संहितेतही हीच रीत आहे. म्हणजे वकिलाने काय विचारलं ते बहुतेक वेळा कागदावर येतच नाही. साक्षीदार 'म्या पाह्यलं' म्हणतो, कागदावर 'मी पाहिले' येतं. कधी कधी 'मी प्रत्यक्ष पाहिले' येतं. तो 'प्रत्यक्ष' कुठून आला ते शोधायला मूळ शब्द कुठेच शिल्लक नसतात.

आणि वरच्या टोकाला? 21 फेब्रुवारी 2023 ला सुप्रीम कोर्टाने पहिल्यांदा एआयने सुनावणीचं लाइव्ह ट्रान्सक्रिप्ट केलं. खटला कुठला होता माहितीये? आपलाच, महाराष्ट्रातल्या सत्तासंघर्षाचा, शिवसेनेचा. घटनापीठासमोर नामवंत वकील इंग्रजीत युक्तिवाद करत होते आणि शब्द स्क्रीनवर उमटत होते. तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी सांगितलं होतं की हा मजकूर वकिलांना तपासायला दिला जाईल. त्यांचा शब्द चुकला तर ते दुरुस्त करून देणार.

खालच्या कोर्टातल्या साक्षीदाराकडेही हा अधिकार कागदोपत्री आहेच. साक्ष संपल्यावर ती त्याला वाचून दाखवायची, त्याला काही दुरुस्त करायचं असेल तर ते ऐकून घ्यायचं, असं कायदा सांगतो. म्हणून जबानीच्या खाली एक ठरलेली ओळ असते, 'वाचून दाखवले, बरोबर आहे'. त्याखाली सही. कधी अंगठा.